सप्रेबाईंचा एच-इंडेक्स

कोपर, डोंबिवली पश्चिम
६ जानेवारी २०२५

प्रिय शौनक,

फोन करत नाही, कारण फोनवर निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू गिळतोस. तुझ्या बायकोने, क्षिप्राने, दिवाळीत मला टॅबलेटवर मराठी टाइप करायला शिकवलं त्याचं सार्थक करते आहे. उत्तरही पत्रासारखंच दे. दोन ओळी आणि एक हसरा चेहरा असलं काही आलं तर मी ते आलं असं धरणार नाही.

काम असं आहे. मी कॉलेजातून निवृत्त झाले तरी दर मंगळवारी वनस्पतिशास्त्राच्या त्या मागच्या खोलीत जाते, हे तुला माहीत आहे. खाडीकाठची झाडं-झुडपं मी नोकरीभर गोळा केली, वाळवून, दाबून जाड कागदांवर चिकटवली. ती तिथे लोखंडी कपाटांत आहेत. डांबराच्या गोळ्या बदलायच्या, कसर लागली का बघायचं, एवढंच आता माझं काम. नवे प्राचार्य सज्जन आहेत, पण त्यांना कॉम्प्युटर लॅब वाढवायची आहे आणि खोली तेवढी एकच मोकळी होण्यासारखी आहे. कपाटं तळघरात जातील म्हणतात. तळघरात पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपतं. तिथे एक पावसाळा काढला की माझ्या संग्रहाचा लगदा होईल.

चोवीस फेब्रुवारीला समिती बसणार आहे. तिने मला विचारलं आहे की आपल्या संशोधनाची एकूण सायटेशन्स किती आणि आपला एच-इंडेक्स किती ते कळवावे, म्हणजे संग्रहाचं मूल्य ठरवता येईल. मला माझी उंची माहीत आहे, रक्तगट माहीत आहे, साखरही माहीत आहे. हा एच कोण? तू असल्याच मोजमापाच्या कंपनीत आहेस असं तुझे वडील म्हणाले. आत्याचं एवढं काम कर.

तुझी
नलूआत्या


कोलशेत, ठाणे
८ जानेवारी २०२५

ती. नलूआत्या,

हसरा चेहरा टाकणार नाही, पण तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसत बसलो होतो हे सांगून ठेवतो.

अगं, हे तर माझं पोटापाण्याचं काम आहे. विद्यापीठं आमच्याकडे येतात आणि विचारतात, आमच्या प्राध्यापकांनी किती लिहिलं आणि ते किती जणांच्या उपयोगी पडलं. तू एक निबंध लिहिलास आणि दुसऱ्या कोणी आपल्या निबंधाच्या शेवटी ‘मी हिचा आधार घेतला’ म्हणून तुझं नाव दिलं, की ते एक सायटेशन. आता एच-इंडेक्स. तुझे पाच निबंध असे निघाले की त्यातल्या प्रत्येकाचा आधार किमान पाच वेळा घेतला गेलाय, तर तुझा एच पाच. दहा निबंधांना दहा-दहा वेळा, तर दहा. नुसतं खूप लिहूनही तो वाढत नाही आणि एकच निबंध गाजूनही वाढत नाही.

गंमत अशी की हा आकडा एका विषयातून दुसऱ्या विषयात नेला की त्याचा अर्थच बदलतो. औषधवाले एका निबंधाखाली साठ-साठ नावं देतात, गणितवाले आठ-दहा देऊन थांबतात. दोघांना एकाच मापाने मोजायचं म्हणजे एकाने किती पाणीपुऱ्या खाल्ल्या आणि दुसऱ्याने किती पुरणपोळ्या, यावरून कोणाची भूक मोठी ते ठरवायचं. म्हणून आम्ही माणसाला त्याच्या विषयातल्या, त्याच्या काळातल्या लोकांच्या शेजारी उभं करून मोजतो. तुझंही तसंच करू. रविवारपर्यंत देतो.

फक्त एक सांग, तू लेखांवर नाव काय काय लावलंस? मशीनला नलूआत्या कळत नाही.

तुझा
शौनक


कोपर
१२ जानेवारी २०२५

प्रिय शौनक,

किती छान समजावलंस. लहानपणी तुला बेचा पाढा शिकवताना मी रडकुंडीला यायची, आणि आज तू मला शिकवतो आहेस. पाणीपुरीचं उदाहरण मी प्राचार्यांना ऐकवलं. ते हसले, आणि ‘आकडा द्या म्हणजे झालं’ म्हणाले.

नावांचं म्हणशील तर, मी मूळची नलिनी गद्रे. पहिला निबंध त्याच नावाने आहे, एम.एस्सी.च्या वेळचा. मग लग्न झालं आणि ताटातल्या तांदळात अंगठीने ‘वासंती’ लिहिलं गेलं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण तक्रारही नाही, नाव गोड आहे आणि माणूसही गोड होता. तेव्हापासून कागदोपत्री वासंती सप्रे. माहेरी मात्र मी नलूच राहिले.

मला खरंच उत्सुकता वाटायला लागली आहे. कोणी कोणी आधार घेतला असेल रे? मालनने तर घेतलाच आहे. मालन पाटील माझी विद्यार्थिनी, आता विठ्ठलवाडीजवळच्या एका कॉलेजात विभागप्रमुख आहे. ती तुझ्याच कोलशेत गावातली, जुन्या घरांतली. बी.एस्सी.ला असताना तिने मला खाडीवर नेलं होतं. तिच्या आईने मिठागराच्या बांधावरून मोरस खुडून आणली आणि भाजी करून वाढली. त्या भाजीत मीठ घालावं लागत नाही, पानच खारट असतं. मी आयुष्यभर ज्या विषयावर लिहिलं तो त्या ताटलीतून सुरू झाला. जिथून ती खुडली तिथे आज तुमच्या सोसायटीचं पार्किंग आहे. म्हणजे तू माझ्या संग्रहातल्या पहिल्या कागदावर राहतोस. तुझ्या बाबांनी घर घेतलं तेव्हा मी हे बोलले नाही, शुभ प्रसंगी कशाला.

परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, ‘बाई, माझ्या प्रबंधात पहिलं नाव तुमचंच आहे.’ मला भरून आलं. प्राचार्यांना मी सांगून टाकलं आहे की आकडा चांगलाच येईल.

तुझी
नलूआत्या


कोलशेत
२७ जानेवारी २०२५

ती. आत्या,

उशीर झाला, सॉरी. ऑफिसात वर्षअखेरीचे रिपोर्ट चालू आहेत आणि त्यात आमची सिस्टिम दोन दिवस झोपली होती. क्षिप्रालाही बरं नव्हतं, आता ठीक आहे.

पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो होतो. कुंपणापलीकडे तिवरं दिसतात, अलीकडे नुसत्या गाड्या. तुझा तो कागद एकदा बघायचाय.

एक विचार मनात आला. समितीला नुसता आकडा देण्यापेक्षा तू संग्रहाचं छान वर्णन लिहून दिलंस तर? आता नाहीशा झालेल्या जागांवरची झाडं त्यात आहेत, हे फार मोठं आहे. आकड्याचं मी बघतोच आहे, पण त्याच्यावर फार अवलंबून राहू नकोस. असले आकडे मीच रोज काढतो, म्हणून सांगतो.

तुझा
शौनक


कोपर
२९ जानेवारी २०२५

प्रिय शौनक,

चौथीत तुला गणितात कमी मार्क मिळाले होते तेव्हा तू प्रगतिपुस्तक न दाखवता दिवसभर माझ्या मागे मागे फिरून माझी स्तुती केली होतीस. आत्या, तुझी साडी छान आहे. आत्या, तुझ्या हातचं थालीपीठ छान आहे. तुझं पत्र वाचताना मला ती साडी आठवली.

क्षिप्रालाही मी मेसेज केला. ती म्हणाली, मला काय झालंय?

आकडा सांग बाळा. मी सबंध जन्म विद्यार्थ्यांना त्यांचे मार्क तोंडावर सांगत आले. माझे मलाही ऐकता येतील.

नलूआत्या


कोलशेत
३१ जानेवारी २०२५

ती. आत्या,

दोन.

तुझा एच-इंडेक्स दोन येतो. सायटेशन्स सगळी मिळून अकरा. नलिनी गद्रे नावाचा निबंध मी शोधून जोडला, तेव्हा मला वाटलं होतं की सापडली गोम, पण त्याने एकच वाढलं. तुझ्या विषयातल्या, तुझ्या काळातल्या लोकांच्या शेजारी उभं करूनही बघितलं. बरीच खाली जातेस. मी तीनदा केलं. आमच्या टीममधल्या अंतराला तू माझी कोण ते न सांगता करायला दिलं, तिचंही तेच आलं.

आणखी एक सांगतो, कारण तू त्यावर विसंबून आहेस. मालन पाटीलचा प्रबंध मी उघडून बघितला. शेवटच्या संदर्भसूचीत सप्रे नाहीत. गद्रे नाहीत. तिच्या नंतरच्या लेखांतही नाहीत. मी वासंती शोधलं, व्ही. सप्रे शोधलं, सगळं केलं. तू तिला घडवलंस आणि तिने तुला एक ओळसुद्धा दिली नाही. फोनवर गोड बोलायला काय जातं.

मला तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं. आकडा तुझ्या हाती द्यायचं धैर्य होत नव्हतं एवढंच. मला माफ कर.

शौनक


कोपर
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय शौनक,

खरं सांगितलंस, बरं झालं. तू तीनदा मोजलंस, त्यातच मला सगळं पोचलं.

दोन म्हणजे दोन. मी तो समितीला कळवून टाकते. मालनला मी काही विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस. मुलं पुढे जातात, त्यांच्या डोक्यात किती गोष्टी असतात. नाव राहून गेलं असेल. मला वाईट वाटलं हे मात्र लपवत नाही. मंगळवारी कपाट उघडलं आणि मोरसचा कागद हातात घेऊन बसले, तर तिच्या आईच्या अंगणाचीच आठवण आली. मग कागद परत ठेवला.

एक विचारायचं होतं. सगळी कपाटं वाचवणं आपल्या हातात नाही. पण खाडीचं एक कपाट तुमच्या बाल्कनीत मावेल का? ऊन लागू द्यायचं नाही आणि ओल लागू द्यायची नाही, बाकी त्याचा काही त्रास नसतो. क्षिप्राला विचारून सांग. तिची झाडं हलवावी लागणार असतील तर नको.

तुझी
नलूआत्या


विठ्ठलवाडी
११ फेब्रुवारी २०२५

शौनक गद्रे यांस,

तुमची मेल मिळाली. ‘गुरूचं नाव घ्यायला लाज वाटते का’ असं तुम्ही विचारलंत. ओळख नसलेल्या माणसाने असं विचारलेलं मला आवडलं नाही. पण बाईंसाठी विचारलंत, म्हणून सरळ उत्तर देते.

तुम्ही माझा प्रबंध बघितलात म्हणता. कुठे बघितलात? पहिलं पान काढा. ऋणनिर्देश. अख्खं पान बाईंवर आहे. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक कोणामुळे बघितला, वडील गेल्यावर कॉलेज सोडायला निघाले होते तेव्हा दारात येऊन कोण उभं राहिलं, सगळं लिहिलंय. तुमचं मशीन ते पान वाचत नसेल. तुम्ही तरी वाचायचं होतं.

आता शेवटची सूची. त्यात बाईंचे सगळे निबंध आहेत, एकूण एक. माझ्या प्रत्येक लेखातही आहेत. ‘सप्रे बाई’ म्हणून आहेत. तुम्ही एसमध्ये शोधलं असणार, किंवा ‘वासंती’ शोधलं असणार. वासंती मी लिहिणार होते का? माझ्या आयला पहिल्या वर्षी मी एकदा सांगितलं होतं, आमच्या वासंती मॅडम म्हणून. ती म्हणाली, ‘बाईंचा नाव घेव नको.’ ते डोक्यात बसलं ते बसलं. प्रबंधाच्या वेळी सूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये मी ‘सप्रे बाई’ एवढंच भरलं. नुसतं ‘सप्रे’ लिहिणं म्हणजे वर्गात उभं राहून बाईंना ‘ए सप्रे’ म्हणण्यासारखं वाटलं. गाइड इंग्रजी मीडियमचे होते, त्यांना वाटलं बाई हे आडनाव असेल. त्यांनी सही केली.

बाईंना तुम्ही काय सांगितलंत ते कृपा करून आज परत घ्या. मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन सांगितलं असतं, पण त्यांना वाईट वाटलंय हे मला तुमच्या मेलमधून कळलं, ते त्यांना कळलेलं आवडणार नाही.

मालन पाटील


कोलशेत
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

आधी हे पत्र बसून वाच, आणि चहा करून घे.

तू नको म्हणालीस तरी मी मालनताईंना लिहिलं होतं. ते पत्र फार वाईट होतं. त्यांनी मला झाडलं, आणि झाडता झाडता जे सांगितलं त्याने मी खुर्चीतून उठलोच. त्यांच्या प्रबंधात तू आहेस. सगळीकडे आहेस. पण त्या तुझं नाव घेत नाहीत. त्यांनी तुला ‘सप्रे बाई’ लिहिलंय.

आता मशीन काय करतं ते ऐक. इंग्रजीत दोन शब्द दिसले की ते शेवटचा शब्द आडनाव धरतं. म्हणजे तुझं आडनाव झालं बाई, बी-ए-आय, आणि सप्रे झालं तुझं स्वतःचं नाव. सूचीत छापलं गेलं नुसतं एस. बाई. मी एसमध्ये बघितलं, जीमध्ये बघितलं. बीमध्ये मी कशाला बघतो. मी तुला जन्मभर आत्या म्हणत आलो, तुला बाई म्हणतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तू पत्रात लिहिलं होतंस, ‘बाई, माझ्या प्रबंधात’ असं. मी ते वाचूनही पुढे गेलो.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. मालनताईंचे लेख पुढे खूप जणांनी वापरले. संदर्भ मुळातून कोण बघतं, एकाने जसं लिहिलं तसं पुढचे उतरवतात. त्यामुळे खारट जमिनीत काय पिकतं ते शोधणारे गुजरातेतले लोक, आहारात मीठ कमी करायला सांगणारे डॉक्टर, आगरी बोलीतली झाडांची नावं जमवणारी एक बाई (खरी बाई), खाडीकाठची जमीन कशी वापरावी हे शिकवणारे शहररचनावाले, सगळे एस. बाईंचा आधार घेत आलेत. वनस्पतिशास्त्राच्या बाहेरच तू जास्त फिरलीस. असं कोणाचं निघालं की आम्ही ऑफिसात एकमेकांना बोलावून दाखवतो.

आता सर्वांत मोठी गंमत. चीनमध्ये बाई हे खरंच आडनाव असतं. तिकडे एक एस. बाई आहेत, समुद्राच्या मिठाने जहाजाचं लोखंड कसं गंजतं याचे तज्ज्ञ. मशीनने बघितलं, हाही एस. बाई, तीही एस. बाई, दोघंही मिठावर लिहितात. त्याने तुला उचललं आणि त्यांच्या नावावर जमा केलं. तुझं सगळं कर्तृत्व इतकी वर्षं एका चिनी गृहस्थाकडे सुखरूप होतं.

ते बाहेर काढायला त्यांची संमती लागते. मी घाबरत घाबरत लिहिलं, कारण असं लिहिलं की लोक चिडतात, आकडा कोणाला कमी करून हवाय? त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते म्हणतात, मला कित्येक वर्षं पालेभाज्यांवरचे लेख तपासायला येतात आणि मी ‘मला यातलं कळत नाही’ म्हणून परत पाठवतो. माझी बायको मला भाजीवाले प्रोफेसर म्हणते. त्या भाज्या कोणाच्या आहेत हे आज समजलं याचा मला फार आनंद झाला, तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा. संमती सोबत जोडली होती.

तुझा एच-इंडेक्स नऊ आहे, आत्या. तुझ्या विषयात आणि तुझ्या काळात हा बऱ्याच वरचा आकडा आहे. मी भाचा असल्याने सही माझी चालणार नाही, म्हणून अंतराने सगळं स्वतंत्र तपासून सही केली आहे. रिपोर्ट आज समितीला गेला.

आता एक निर्णय तुझा. दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये तुझं मुख्य नाव कोणतं ते एकच लिहावं लागतं. नलिनी गद्रे, वासंती सप्रे, जे सांगशील ते. शिवाय ‘या नावानेही परिचित’ असा एक रकाना आहे.

समितीचं काय होईल मला माहीत नाही. पण मला हे लिहायचं होतं की मी दहा वर्षं लोक मोजतोय आणि या महिन्यात पहिल्यांदा मला माझं काम आवडलं. ते तुझ्यामुळे. थँक यू हा शब्द तुझ्यापुढे फार छोटा वाटतो, म्हणून नमस्कार करतो.

तुझा
शौनक

ता. क. बाल्कनी क्षिप्राने मोजली आहे. कपाट मावतं. तिने झाडं आधीच हलवली.


कोपर
४ मार्च २०२५

प्रिय शौनक,

चहा करून घेतला होता, तो तसाच राहिला. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की टॅबलेटची बॅटरी संपली, आणि मग चार्जिंगला लावून तिथेच उभ्याने वाचलं.

आधी मालनचं सांगते. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी रिक्षा करून तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं. मी तिला म्हटलं, अगं, तू माझं नाव घेतलं नाहीस म्हणून मी रुसले होते, आणि तू घेतलं नाहीस ते अशासाठी. ती म्हणाली, ‘बाई, मला वाटलं, लोकांना कळेल.’ इतकं साधं होतं ते. तिला वाटलं, सप्रे बाई म्हटल्यावर जगात कोणालाही कळेल. मी तिला जवळ घेतलं. खाल्ल्या मिठाला मी जागले की ती जागली, हे आता आम्हालाही सांगता येणार नाही. तू तिची माफी मागायला तिच्या घरी गेला होतास हे तिनेच सांगितलं. शहाणा आहेस.

समितीचं कळलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. खोली राहिली. प्राचार्य स्वतः सांगायला खोलीत आले. म्हणाले, आकडा चांगला आहे, पण समितीतल्या शहररचनेच्या बाईंनी जे सांगितलं त्याने काम झालं. त्यांनी त्यांच्या पुस्तकात एस. बाईंचा आधार घेतला होता आणि त्या चीनमधल्या आहेत असं समजत होत्या. त्या बैठकीतूनच उठून खोलीकडे आल्या आणि कोलशेतचा कागद बघितला. मी नेमकी त्या दिवशी नव्हते, दातांच्या डॉक्टरकडे होते. मंगळवार नसूनही जाणार होते, तर नेमकी दाढ ठणकली. लॅब वरच्या मजल्यावरच्या जुन्या स्टाफरूममध्ये होणार आहे. कपाट आता तुझ्याकडे येणार नाही. क्षिप्राला म्हणावं, तुझी झाडं परत बाल्कनीत ठेव, आणि तू ती न विचारता हलवलीस ते मी विसरणार नाही.

चीनच्या बाईंना मी इंग्रजीतून पत्र पाठवलं आहे. इतकी वर्षं माझी भाजी सांभाळल्याबद्दल आभार मानले. मोरसची कृती पण पाठवली. मीठ घालू नये हे दोनदा लिहिलं, लोखंडवाल्यांना सांगितलेलं बरं.

आता तुझा फॉर्म. मी पुष्कळ विचार केला. नलिनी आईबाबांनी ठेवलं. वासंती तांदळात लिहून मिळालं. सप्रे लग्नाने आलं. तिन्ही मला प्रिय आहेत, पण तिन्ही मला दिली गेली. त्यांच्यासाठी मी काही केलं नव्हतं. बाई हे एकच नाव मी कमावलेलं आहे, रोज वर्गात उभं राहून. तेव्हा नियमासाठी मुख्य नाव वासंती सप्रे लिही, आणि त्या दुसऱ्या रकान्यात ‘सप्रे बाई’ लिही. ते पुसून टाकून सगळीकडे वासंती करू नकोस. मालनने जसं लिहिलं तसंच मला तिथे राहायचं आहे.

काल खोलीच्या दारावर पाटी रंगवायला पेंटर आला होता. प्राचार्यांनी त्याच्याकडे कागद दिला होता, ‘श्रीमती वासंती सप्रे वनस्पतिसंग्रह’. मी म्हटलं, ते खोडा, ‘सप्रे बाई वनस्पतिसंग्रह’ लिहा. त्याने खडूने आखून घेतलं आणि म्हणाला, ‘बाई, सप्रेबाई जोडूनच लिहितात ना? जागा पण वाचेल.’

मी त्याला दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडायला सांगितली.

तुझी
नलूआत्या